रुमालाखालची बोटे

लोणखेडा आणि शहादा ही एकमेकांना खेटून असलेली गावे. तेथून तापीच्या रोखाने काही कोस गेले की सारंगखेडा लागते, आणि मार्गशीर्षातील दत्तजयंतीला तेथे एकमुखी दत्ताची जी यात्रा भरते तिच्यातील घोडेबाजाराची ख्याती मारवाड, काठेवाड आणि पंजाब या मुलखांपर्यंत पोहोचलेली आहे. या बाजारात घोडा कसा दाखवितात हे ज्याने पाहिले असेल त्याला ठाऊक असते की जनावराचे दात, खूर, भोवरे आणि चाल हे सारे चारचौघांदेखत, भर उन्हात, धूळ उडवीत तपासले जाते. त्यात लपविण्यासारखे काही नसते. भावाची गोष्ट मात्र निराळी. जनावरांच्या बाजारातील जुनी चाल अशी की दलाल खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, समोरच्याचा हात त्याखाली घेतो, आणि तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा चालू ठेवून दोघेही बोटे धरून, दाबून आणि सोडून जो काय तो सौदा करतात. घोडा शंभर माणसांना दिसतो. भाव त्या दोन हातांनाच कळतो.

विलायतेतील गाणाऱ्या मंडळींनी अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या बाजारात जम बसविण्याची खटपट केली, त्या इतिहासाशी या रुमालाचा काय संबंध, असे वाचक विचारील. मला तरी हा इतिहास वाचताना तो रुमाल पुनःपुन्हा आठवत राहिला. कारण गाणे हे घोड्यासारखेच उघड्यावर दाखविले जाते, कोणीही कान देऊन त्याची पारख करू शकतो, आणि तरीही एका देशात ज्याच्यावर लोक जीव ओवाळून टाकतात तेच गाणे दुसऱ्या देशाच्या वेशीवर अनेक वर्षे ताटकळत का उभे राहते, याचे उत्तर त्या गाण्यात शोधून सापडत नाही. ते वेशीवर बसलेल्या माणसांत शोधावे लागते.

या वेशीचा बंदोबस्त प्रथमतः अगदी सरकारी स्वरूपाचा होता. १९३५ च्या सुमारास ब्रिटिश श्रमखात्याने, आपल्या वादकांच्या संघाच्या आग्रहावरून, अमेरिकन वाद्यवृंदांना परवाने देणे जवळजवळ बंदच केले, आणि ही नाकेबंदी दोन दशके टिकली. १९५६ मध्ये ती सैल झाली तीही मोबदल्याच्या अटीवर: अमेरिकेतून स्टॅन केंटन यांचा वाद्यवृंद विलायतेत उतरावा आणि त्याच्या बदल्यात टेड हीथ यांचा वाद्यवृंद अमेरिकेत जावा, माणसामागे माणूस मोजून. एखाद्या जुन्या संस्थानाच्या जकातनाक्यावर बैलामागे बैल मोजून सोडावा तसा हा प्रकार. पुढेही हे नाके पुरते उठले नाही. १९६५ मध्ये ‘किंक्स’ नावाच्या लंडनच्या मंडळीचा अमेरिकेतील दौरा भांडणे आणि गैरवर्तनाच्या तक्रारींनी गाजला, तेव्हा तेथील वादकसंघाने त्यांना पुढील परवाने नाकारले, आणि १९६९ पर्यंत, म्हणजे ऐन उमेदीची चार वर्षे, त्या बाजारात त्यांना पाऊल ठेवता आले नाही. सनद हाती नसेल तर कंठात गंधर्व उतरला तरी उपयोग नाही.

परंतु परवाना हा या व्यवहाराचा दर्शनी भाग झाला. रुमालाखालचा भाग नभोवाणीचा होता. अमेरिकेत सरकारी नभोवाणी नव्हती. गावोगाव खाजगी केंद्रे होती, आणि प्रत्येक केंद्रावर तबकड्या लावणारा एक निवेदक असे. कोणती तबकडी दिवसातून दहा वेळा वाजावी आणि कोणती पाकिटातच राहावी, हे ठरविण्याचा अधिकार कालांतराने या निवेदकाच्या आणि त्याच्या वरिष्ठांच्या हाती आला. अधिकार आला की नजराणा येतोच. १९६० मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे या नजराण्यांची जाहीर चौकशी झाली, गुप्तपणे पैसे घेऊन गाणे वाजविणे हा कायद्याने गुन्हा ठरला, आणि ज्यांनी ‘रॉक अँड रोल’ संगीताला सर्वतोमुखी केले त्या ॲलन फ्रीड यांना १९६२ मध्ये गुन्हा कबूल करून ३०० डॉलरांचा दंड भरावा लागला. दंड फुटकळ होता. त्यांची नोकरी आणि पत मात्र त्यापूर्वीच गेली होती. कायद्याने रुमाल काढून घेतला असे म्हणावे, तर पुढच्या दोन-तीन दशकांत कंपन्यांनी ‘स्वतंत्र प्रसारक’ या नावाने मधले दलाल नेमून तोच रुमाल पुन्हा पसरला. आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या एजंटाची जात काही वेगळी नव्हे.

विलायतेतील गवयांना या बाजाराचा पहिला चटका कसा बसला हे पाहायचे तर क्लिफ रिचर्ड यांचे उदाहरण पुरेसे आहे. हे गृहस्थ १९४० मध्ये लखनौ येथे जन्मले, मूळ नाव हॅरी वेब. १९४८ मध्ये कुटुंब विलायतेस गेले, आणि दहा-बारा वर्षांत हा तरुण त्या देशाचा कंठमणी झाला. १९६० मध्ये त्यांनी अमेरिकेचा दौरा केला, सभागृहांत टाळ्याही झाल्या, आणि परत आल्यावर अमेरिका त्यांना विसरून गेली. तेथील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत येण्यास त्यांना १९७६ साल उजाडावे लागले. दौऱ्यामागे तबकडी नव्हती, तबकडीमागे कंपनीचा जोर नव्हता. घोडा उत्तम, पण दलालाने हात पुढे केला नाही.

बीटल्सची कथा सर्वश्रुत असल्याने तिच्यात फार रेंगाळत नाही. एकच तपशील येथे उपयोगाचा आहे. त्यांची विलायतेतील कंपनी ई.एम.आय., आणि अमेरिकेतील कॅपिटॉल ही कंपनी १९५५ पासून याच ई.एम.आय.च्या मालकीची, म्हणजे घर एकच, दिवाणखाने दोन. तरीही कॅपिटॉलच्या अधिकाऱ्यांनी बीटल्सच्या तबकड्या एकामागून एक नाकारल्या, आणि त्या किरकोळ कंपन्यांकडून काढाव्या लागल्या. अखेर १९६३ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या एका नभोवाणी केंद्रावरील कॅरोल जेम्स या निवेदकाने, एका शाळकरी मुलीच्या पत्रावरून, विमानातील परिचारिकेकरवी विलायतेहून ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ ही तबकडी मागवून वाजविली. श्रोत्यांनी दूरध्वनींचा भडिमार केला. आणि कॅपिटॉलला तबकडीच्या प्रकाशनाची तारीख मागे ओढून २६ डिसेंबर करावी लागली. १ फेब्रुवारी १९६४ रोजी ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती, ९ फेब्रुवारीला एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लक्ष लोकांनी ते चौघे पाहिले, आणि ४ एप्रिलच्या यादीत पहिली पाचही गाणी त्यांचीच होती. मालकाने अडविलेला माल एका नाकेदाराने आपल्या जबाबदारीवर सोडला, असा हा प्रसंग.

आता ज्या कथेसाठी हे प्रकरण लिहावयास घेतले तिच्याकडे वळतो. आणि ती कथा लंडनला सुरू होत नाही, न्यूयॉर्कला तर नाहीच. ती आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या पठारावर सुरू होते.

झांझिबार बेटावर ब्रिटिश सरकारच्या न्यायालयात रोखपाल असलेले बोमी बलसारा हे पारशी गृहस्थ. बलसारा हे आडनाव उघडच बलसाडवरून आलेले. त्यांचा मुलगा फारुख ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मला, आणि आठव्या वर्षी त्याला आगबोटीत बसवून मुंबईमार्गे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवण्यात आले. आठ वर्षांचे मूल समुद्रापलीकडे वसतिगृहात ठेवणे आज आपल्याला निर्दय वाटेल. त्या काळी ते सुस्थितीचे आणि दूरदृष्टीचे लक्षण मानले जाई. या मुलाला तेथे पियानोची शिकवणी मिळाली, मित्रांनी फारुखचे फ्रेडी केले, आणि १९५८ मध्ये, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षी, त्याने चार सवंगड्यांसह ‘हेक्टिक्स’ नावाची मंडळी काढली. शाळेच्या समारंभांत ही मंडळी लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवी. लखनौत जन्मून विलायतेत गाजलेला गवई पाचगणीच्या मुलांना अनुकरणीय वाटत होता, आणि तोच गवई त्याच सुमारास अमेरिकेहून रिकाम्या हाताने परतत होता, हा योगायोग मला विलक्षण वाटतो.

त्या काळच्या भारतात पाश्चात्त्य गाणी शाळकरी मुलांच्या कानी पडत ती मुख्यतः रेडिओ सिलोनमुळे, आणि येथे एक आडवाट घेतल्याशिवाय राहवत नाही. कारण वेशीवरचा नाकेदार ही काही केवळ अमेरिकेची मिरास नव्हे. आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्माने पुणेकर, संगीताचे खरे जाणकार, १९५२ मध्ये नभोवाणीचे मंत्री झाले, आणि चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते या निष्ठेने त्यांनी आकाशवाणीवरून ती गीते जवळजवळ हद्दपार केली. परिणाम काय झाला? खान्देशापासून कोकणापर्यंत ज्या ज्या घरी रेडिओ होता त्या त्या घरातील काटा सिलोनकडे फिरला, अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाले’ने बुधवारची रात्र काबीज केली, आणि अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारला ‘विविधभारती’ काढून हीच गीते पुन्हा पंगतीला बसवावी लागली. केसकरांच्या हेतूविषयी मला आदर आहे. पण पाणी अडविले की ते बांधाखालून वाट काढते, हे पाटस्थळाच्या शेतीचा अनुभव असलेल्या कोणत्याही लोणखेडेकराने त्यांना सांगितले असते.

फारुख १९६३ मध्ये झांझिबारला परतला. पुढच्याच जानेवारीत तेथे राज्यक्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथे, येऊन पडले. त्याने ईलिंगच्या कलाशाळेत आरेखनाचे शिक्षण घेतले, केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलर या ढोलवादक मित्राबरोबर जुने कपडे विकण्याचे दुकान मांडले, आणि १९७० मध्ये टेलर व गिटारवादक ब्रायन मे यांच्यासह ‘क्वीन’ ही मंडळी उभी केली. पुढच्या वर्षी जॉन डीकन आले आणि चौकडी पूर्ण झाली. याच सुमारास बलसाराचा मर्क्युरी झाला. ब्रायन मे खगोलशास्त्राचे संशोधक, डीकन विद्युत्शास्त्राचे पदवीधर. इतकी शिकलेली मंडळी फडावर क्वचितच दिसते.

शिकलेले असूनही ते करारात फसले. त्यांच्या पहिल्या व्यवस्थापकांनी त्यांना आठवड्याचे वेतन बांधून दिले होते, आणि ‘किलर क्वीन’ हे गाणे १९७४ च्या अखेरीस विलायतेत दुसऱ्या क्रमांकावर गेले तेव्हाही ते वेतन माणशी ६० पौंडांच्या आसपासच होते, कारण हिशेबाच्या वहीत मंडळीच्याच नावावर मोठी बाकी निघत होती. हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. तमाशाच्या फडातला कलावंत मालकाकडून हंगामाआधी ‘उचल’ घेतो आणि मग हंगाम संपला तरी ती फिटत नाही; लोणखेड्याच्या शिवारात उसाला कोयता लावणाऱ्या टोळ्यांनाही हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. भाषा निराळी, चलन निराळे, वही तीच.

अमेरिकेच्या वेशीवर ‘क्वीन’ प्रथम उभी राहिली ती एप्रिल १९७४ मध्ये, डेन्व्हर शहरी, ‘मॉट द हूपल’ या आधीच नाव झालेल्या विलायती मंडळीच्या पुढे हजेरी लावण्यासाठी. मुख्य वग दुसऱ्यांचा, आपण फक्त गण म्हणायचा, आणि लोक जागेवर बसेपर्यंत तो संपवायचा, अशी ही नोकरी होती. तथापि या नोकरीला अमेरिकेत पर्याय नव्हता. विलायतेचा विस्तार एवढासा, लंडनच्या एका नभोवाणी संस्थेने मनावर घेतले तर आठवड्यात गाणे देशभर होते. उलट अमेरिकेचा पसारा असा की डेन्व्हरची कीर्ती बॉस्टनला पोहोचत नाही, प्रत्येक शहराचा निवेदक स्वतंत्र, प्रत्येकाचा रुमाल स्वतंत्र. म्हणून मोटारीतून, दररोज शेकडो मैल कापीत, एकेक गाव करणे भाग पडे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील नाट्यगृहात मे महिन्यात काही रात्री झाल्या आणि लगेच ब्रायन मे यांना काविळीने गाठले. दौरा अर्ध्यावर मोडला. मंडळी घरी परतली. पुढच्या वर्षी, १९७५ च्या फेब्रुवारीत, ती स्वतःच्या नावावर पुन्हा गेली, तेव्हा मर्क्युरींच्या कंठात गाठी आल्या आणि काही प्रयोग रद्द करावे लागले. मात्र या खेपेस ‘किलर क्वीन’ अमेरिकन यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत चढले. फाटक किलकिले झाले, एवढे म्हणता येईल.

त्यानंतर आले ‘बोहेमियन रॅप्सडी’. ५ मिनिटे ५५ सेकंदांचे गाणे, मध्येच संगीतिकेचा समूहघोष, शेवटी दणदणाट. नभोवाणीचा दंडक तीन मिनिटांचा असताना कंपनीच्या लोकांनी कपाळाला हात लावला असेल तर त्यांना दोष देता येत नाही. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट या विक्षिप्त निवेदकाच्या हाती मर्क्युरींनी त्याची एक प्रत दिली. वाजवू नकोस असे डोळे मिचकावून सांगितले अशी आख्यायिका आहे. आणि एव्हरेट यांनी एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजविले. विलायतेत ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष उभे राहण्याऐवजी दाखविण्यासाठी एल्स्ट्री येथे काही तासांत केलेली त्याची चित्रफीतही गाजली. अमेरिकेत मात्र १९७६ मध्ये ते नवव्या क्रमांकापर्यंत गेले आणि तेथे थांबले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तेथे थांबले ते गाणे विलायतेत गेल्या शतकातील सर्वश्रेष्ठ गाण्यांत गणले जाते.

अमेरिका खरी हाती आली ती १९८० साली, आणि ज्या गाण्यांनी आली ती पाहिली की मोठी गंमत वाटते. फेब्रुवारीत ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे राहिले. हे गाणे मर्क्युरींनी म्यूनिखच्या हॉटेलात, स्नानाच्या टबात बसून, दहाएक मिनिटांत रचले असे ते स्वतः सांगत, आणि त्याचा बाज संपूर्णपणे एल्व्हिस प्रेस्ली यांच्या जुन्या अमेरिकन गाण्यांचा आहे. ऑक्टोबरात ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ पहिले आले, तेही तीन आठवडे. हे डीकन यांचे. त्याचा पाया कृष्णवर्णीय अमेरिकन नृत्यसंगीताचा. लॉस एंजेलिसच्या प्रयोगाला आलेल्या मायकेल जॅक्सन यांनी हे गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून काढा असा आग्रह धरला नसता तर ती निघतीच ना. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीतही ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. म्हणजे अमेरिकेने पाचगणीच्या पियानोवर आणि युरोपीय संगीतिकेवर पोसलेल्या गाण्याला नववी जागा दिली, आणि स्वतःचेच जुने गाणे परदेशी कंठातून ऐकून त्याला डोक्यावर घेतले. आपल्या परटाने धुतलेले धोतर दुसऱ्याच्या दांडीवर पाहून ओळखावे तसे. यात अमेरिकेला हिणविण्याचा हेतू नाही. दूरदेशीचा पाहुणा आपल्या अहिराणीत चार शब्द बोलला की शहाद्याच्या बाजारातील माणूसही जसा पाघळतो, त्याचेच हे मोठे रूप आहे.

एवढे करून ती मिळविलेली अमेरिका दोन वर्षांत निसटू लागली. १९८२ चा ‘हॉट स्पेस’ हा संग्रह नृत्यसंगीताकडे इतका झुकला की जुने चाहते नाराज झाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसनजीक ‘फोरम’मध्ये जे प्रयोग झाले ते मर्क्युरींसह या मंडळीचे अमेरिकेतील शेवटचे दौऱ्याचे प्रयोग ठरले. कंपनी बदलली, नवी कंपनी कॅपिटॉल. आणि नाकेही बदलले. १ ऑगस्ट १९८१ रोजी एम.टी.व्ही. ही अहोरात्र गाण्यांच्या चित्रफिती दाखविणारी वाहिनी सुरू झाली होती, आणि तरुण अमेरिका आता कानापेक्षा डोळ्यांनी गाणे निवडू लागली होती.

या वाहिनीच्या दारात १९८४ मध्ये ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ची चित्रफीत गेली. विलायतेत वर्षानुवर्षे चालणाऱ्या ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या कौटुंबिक मालिकेची ती थट्टा होती: चौघेही बायकांच्या वेषात, आणि मर्क्युरी मिशा तशाच ठेवून, झाडलोटीचे विजेवरचे यंत्र फिरवीत. कल्पना टेलर यांची, गाणे डीकन यांचे. विलायतेने पोट धरून हसून ते तिसऱ्या क्रमांकावर नेले. अमेरिकेत ती मालिका कोणी पाहिलेली नव्हती, थट्टेचा संदर्भच हरवला, उरले ते बायकांच्या कपड्यांतील चार पुरुष. गाणे पंचेचाळिसाव्या क्रमांकावर गळले, आणि अमेरिकेच्या अंतर्भागातील लोकांना ते अजिबात रुचले नाही असे ब्रायन मे पुढे अनेकदा सांगत.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. ज्या महाराष्ट्राने नारायण श्रीपाद राजहंस या पुरुषाला बालगंधर्व म्हणून नमस्कार केला, त्याच्या नेसण्याची, चालण्याची, शालू खांद्यावर घेण्याची नक्कल कुलीन स्त्रियांनी केली, त्या महाराष्ट्राला हा गोंधळ समजणे कठीण आहे. बालगंधर्व राहोत, सारंगखेड्याच्या यात्रेत तंबू लावणाऱ्या कोणत्याही फडात गौळण सुरू झाली की डोक्यावरून पदर घेऊन जी ‘मावशी’ प्रवेश करते, तिच्या मिशा भादरलेल्या असतात एवढाच काय तो फरक, आणि तिला पाहून लोणखेड्याचा म्हातारा, तरुण, पोरसवदा, सगळा जमाव हसून लोळतो, कोणाच्या पौरुषाला किंवा कोणाच्या धर्माला बाधा येत नाही. मावशीला अमेरिकेत परवाना मिळाला नाही. पाचगणीत अनेक वर्षे काढलेल्या माणसाने ही परंपरा आपल्या मातीत पाहिली होती की नाही, हे सांगता येत नाही. पाहिली असती तर त्याला अमेरिकेचे वागणे अधिकच चमत्कारिक वाटले असते.

त्यानंतर मंडळीने अमेरिकेचा नाद सोडला. दक्षिण अमेरिका, जपान, युरोप येथे त्यांच्या सभांना अफाट गर्दी होई. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानावर दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये वीस-एकवीस मिनिटांत मर्क्युरींनी सत्तरएक हजारांचा जनसमुदाय ज्या रीतीने मुठीत धरला ते चित्रण आजही लोक पुनःपुन्हा पाहतात. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला मर्क्युरींसह या मंडळीचा अखेरचा जाहीर प्रयोग झाला. अमेरिकेत मात्र या मंडळीचे नाव घेताना ‘एके काळची’ हे विशेषण लागू लागले. १९९० मध्ये अमेरिकेपुरते त्यांच्या जुन्या तबकड्यांचे हक्क डिस्नेच्या छत्राखाली नव्यानेच निघालेल्या ‘हॉलिवूड रेकॉर्ड्स’ या कंपनीने घेतले, तेव्हा या विझलेल्या चुलीवर एवढी रक्कम कशाला ओतता असा प्रश्न विचारणारेही निघाले असतील.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी एड्सच्या आजाराने निवर्तले; आपल्याला हा आजार आहे हे त्यांनी आदल्याच दिवशी जाहीर केले होते. विलायतेत ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हा निघाले आणि पुन्हा पाच आठवडे पहिले राहिले. ते अपेक्षितच होते. अमेरिकेत जे झाले त्याचा कर्ता कोणी निवेदक नव्हता, कोणी प्रसारक नव्हता. कॅनडात वाढलेले, विलायती आईबापांचे चिरंजीव, माईक मायर्स नावाचे विनोदी नट ‘वेन्स वर्ल्ड’ हा चित्रपट करीत होते. त्यातील एका प्रसंगी काही पोरे रात्री एका जुनाट मोटारीत कोंबून बसून फिरायला निघतात, आणि मोटारीत गाणे लागते. निर्मात्यांची पसंती त्या वेळी गाजत असलेल्या एका अमेरिकन मंडळीच्या गाण्याला होती. मायर्स यांनी ‘बोहेमियन रॅप्सडी’च हवे असा हट्ट धरला, नाहीतर आपण चित्रपट सोडतो इथपर्यंत गोष्ट नेली. चित्रपट फेब्रुवारी १९९२ मध्ये लागला. पडद्यावर पोरे मोटारीच्या बाकांवर दाटीवाटीने बसतात, संगीतिकेच्या भागात आवाज वाटून घेतात, आणि दणदणाटाचा भाग आला की पाचही डोकी एकदम वरखाली हलू लागतात. ब्रायन मे सांगतात की चित्रपट तयार होत असताना मायर्स यांनी तो तुकडा त्यांच्याकडे पाठविला होता, त्यांनी तो आजारी मर्क्युरींना नेऊन दाखविला, आणि ते खूप हसले.

गाणे त्या वर्षी अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेले, पहिल्या खेपेहून सात जागा वर, सोळा वर्षांनी. चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्या पोरांपैकी पुष्कळांना ते गाणे नवेच वाटत होते. दुकानात जाऊन ते गाणाऱ्याचे पुढचे काय निघाले आहे, असे विचारीत.